किमो संपल्यावर आलेली कावीळ

कोपरखैरण्यात राहणारे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी टोळीत उभा जन्म काढलेले ५७ वर्षांचे एक गृहस्थ. मूळ गाव पाटण तालुक्यात. इथे त्यांना काका म्हणतो. वॉर्डातही तेच म्हणत होतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम बदललेला नाही.

ऑक्टोबरात मानेत आणि काखेत गाठी आल्या. बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला. हा कॅन्सर झपाट्याने वाढतो, पण औषधांना दादही चांगली देतो. त्यासाठीची नेहमीची किमो म्हणजे आर-चॉप: दर २१ दिवसांनी एक, अशा ६ सायकल. त्यातलं 'आर' म्हणजे रितुक्सिमॅब. बरोबर सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि दर सायकलला पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. काकांनी सहाही सायकल नीट घेतल्या. मध्ये हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. फेब्रुवारीत शेवटची सायकल झाली, पुढे पेट स्कॅन स्वच्छ आला आणि घरात पेढे वाटले गेले.

मे महिन्यातल्या तपासणीत एएलटी ९४ आला. किमोआधी तो २८ होता. एएलटी म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ज्याला जुने लोक अजून एसजीपीटी म्हणतात. कागदावर शेरा होता, 'औषधांमुळे असावे, महिन्याने पुन्हा करा.' स्कॅन चांगला आल्यामुळे महिन्यानंतरची ती तपासणी राहून गेली.

जूनच्या शेवटी भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले. पावसाळा सुरू झालेला. जवळच्या डॉक्टरांनी पाण्यातून आलेली कावीळ धरली आणि विश्रांती, ग्लुकोज, उकळलेलं पाणी सांगितलं. पावसाळ्यात आपल्याकडे कावीळ म्हटली की हिपॅटायटिस ए किंवा ई हेच आधी डोक्यात येतं, आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत तो अंदाज बहुतेक वेळा बरोबरही असतो. मग घरच्यांनी त्यांना गावी नेलं. तिथे कावीळ उतरवणाऱ्याकडून गळ्यात माळ बांधून घेतली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले, सकाळी अनशापोटी कसला तरी पाला वाटून घेतला. यात दहा-बारा दिवस गेले. पोट फुगायला लागलं तेव्हा मुलगा त्यांना गाडीत घालून नवी मुंबईत परत घेऊन आला आणि ते माझ्या वॉर्डात दाखल झाले.

पहिल्या दिवशीचे रिपोर्ट

बिलिरुबिन १४.६, एएलटी ११८०, लिव्हरचं दुसरं एन्झाइम एएसटी ९६०, लिव्हरमध्ये बनणारं प्रथिन अल्ब्युमिन ३. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, १.९; तो जितका चढेल तितकं वाईट. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच तयार करतं, त्यामुळे लिव्हर किती काम करतंय हे आयएनआरइतकं चटकन दुसरं काही सांगत नाही. कावीळ डोळ्यांना दिसते म्हणून लोक बिलिरुबिन विचारतात. मला काळजी आयएनआरची होती. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नव्हती, पोटात थोडं पाणी होतं.

किमो झालेल्या माणसाला कावीळ झाली की कारणांची रांगच असते. लिम्फोमा लिव्हरमध्ये परतला का? संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या एखाद्या अँटिबायोटिकचा किंवा बुरशीच्या औषधाचा त्रास? गावच्या पाल्याचा? हिपॅटायटिस ए किंवा ई? एएलटी हजाराच्या वर आणि पित्तनलिका मोकळ्या, म्हणजे मार थेट पेशींवर बसतोय, हे उघड होतं. पाल्यावर सगळं ढकलणं सोपं होतं, पण कावीळ आधी आली आणि पाला नंतर. शिवाय मे महिन्यातला तो ९४ पाल्याच्या कितीतरी आधीचा. त्या एका आकड्याने माझ्या मनातला क्रम बदलला.

हिपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम, म्हणजे ताज्या बाधेत दिसणाऱ्या अँटिबॉडी, निगेटिव्ह आले. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात ई ची अँटिबॉडी कधी कधी तयारच होत नाही, म्हणून खुद्द विषाणू शोधणारी आरएनए तपासणीही केली, तीही निगेटिव्ह. एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूच्या कवचाची तपासणी, मात्र रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस बी चा डीएनए ८ कोटी आययू प्रति मिली.

डिस्चार्ज कार्ड, पेट स्कॅनची सीडी, सगळं एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. त्यातच किमोआधीचा कागद सापडला. 'व्हायरल मार्कर्स' या मथळ्याखाली तीन नावं, एचआयव्ही, एचबीएसएजी, एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), आणि तिन्हींपुढे नॉन-रिॲक्टिव्ह. आठ महिन्यांपूर्वी जो विषाणू नव्हता, तो आता ८ कोटींनी हजर.

मुलाचं म्हणणं स्पष्ट होतं. "डॉक्टर, हे दवाखान्यातनंच लागलंय. रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, त्यातनंच आलं." त्याचा राग मला समजत होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हताच. बाधेपासून आजारापर्यंत हिपॅटायटिस बी ला दीड ते सहा महिने लागू शकतात, त्यामुळे फक्त तारखा बघून रक्ताला निर्दोष ठरवता येत नाही. उत्तर दुसरीकडे शोधायला हवं होतं.

विषाणू कुठे होता

हिपॅटायटिस बी ची बाधा प्रौढपणी झाली तर बहुतेकांचं शरीर ती परतवून लावतं. एचबीएसएजी निगेटिव्ह होतो, एएलटी नॉर्मल राहतो, कित्येकांना आपल्याला काही झालं होतं याचा पत्ताही नसतो. आपण याला 'बरा झाला' म्हणतो. पण विषाणूच्या डीएनएचा एक गोल, घट्ट पिळलेला तुकडा लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात मागे राहतो, बहुधा आयुष्यभर. माणूस गाव सोडून मुंबईला गेला तरी सातबाऱ्यावर त्याचं नाव राहतं, तसं. प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत त्या तुकड्यातून नवे विषाणू बाहेर पडू शकत नाहीत. हा पहारा टी-पेशी देतात, आणि बी-पेशींनी तयार केलेल्या अँटिबॉडीही देतात.

रितुक्सिमॅब नेमकं बी-पेशींवर बसतं. सीडी२० ही खूण असलेल्या सगळ्या बी-पेशी ते साफ करतं, कॅन्सरच्याही आणि चांगल्याही, आणि त्या परत यायला औषध थांबल्यावर सहा महिने ते वर्ष लागतं. तेवढा काळ पहारा पातळ असतो. पहिल्यांदा रक्तात डीएनए वाढतो, त्या वेळी रुग्णाला काहीच जाणवत नाही. काही आठवड्यांनी एएलटी चढतो. मग किमो संपल्यावर टी-पेशी सावरतात, आणि विषाणूने भरलेल्या लिव्हरवर त्याच तुटून पडतात. पेशी विषाणूने मरतात त्यापेक्षा या हल्ल्याने जास्त मरतात. म्हणून ही कावीळ पुष्कळदा किमो चालू असताना येत नाही. ती किमो संपल्यावर, सगळे निश्चिंत झाल्यावर येते.

हे नव्याने कळलेलं नाही. हाँगकाँगमधल्या एका गटाने २००९ साली याच लिम्फोमाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण जुन्या बाधेची खूण असलेल्या रुग्णांपैकी रितुक्सिमॅबशिवाय किमो घेतलेल्या २५ जणांत एकाचाही विषाणू उलटला नाही. रितुक्सिमॅबसह घेतलेल्या २१ जणांपैकी ५ जणांत उलटला, आणि त्यांतला एक जण लिव्हर निकामी होऊन गेला. २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, रितुक्सिमॅबच्या माहितीपत्रकावरच्या चौकटीतल्या इशाऱ्यात हा धोका घातला. औषध थांबल्यावर २४ महिन्यांपर्यंत असे प्रकार घडल्याची नोंद त्यात आहे.

जुन्या बाधेची ती खूण म्हणजे अँटी-एचबीसी टोटल. विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी. लस घेतल्याने ती येत नाही, प्रत्यक्ष बाधा झाली तरच येते, आणि साधारणपणे आयुष्यभर राहते. एचबीएसएजी आज रक्तात विषाणूचं कवच आहे का ते सांगतो. अँटी-एचबीसी टोटल विषाणू कधी तरी येऊन गेला का ते सांगते. काकांच्या कागदावर ही दुसरी तपासणी नव्हतीच.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर हा घोटाळा वारंवार दिसतो. लॅबच्या यादीत 'अँटी-एचबीसी आयजीएम' आणि 'अँटी-एचबीसी टोटल' शेजारी शेजारी असतात. आयजीएम ताज्या आजारासाठी आहे. वीस वर्षांपूर्वीच्या बाधेत ती निगेटिव्हच येणार. किमोआधी चुकून आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली म्हणून सगळे निर्धास्त झाले, तर न केल्यापेक्षाही ते वाईट.

घरच्यांची तपासणी

काकांची टोटल अँटी-एचबीसी आता पॉझिटिव्ह होती, पण आजार उफाळल्यावर ती पॉझिटिव्ह असण्याने जुनं-नवं ठरत नाही. आयजीएम अगदी कमी पातळीवर होती. ताजी पहिली बाधा असती तर ती सहसा भरपूर असते. हा एक धागा झाला. दुसरा घरातून मिळाला.

मावशींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, टोटल पॉझिटिव्ह, एचबीएसएजी निगेटिव्ह, संरक्षक अँटिबॉडी भरपूर. म्हणजे त्यांना कधी तरी बाधा होऊन गेलेली. गावी ऐंशीच्या घरातल्या आईची टोटल पॉझिटिव्ह. आणि गावी शेती करणारे थोरले भाऊ, आयुष्यात दारूला न शिवलेले, कधी दवाखान्याची पायरी न चढलेले, त्यांचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत. एकाच घरात आई, दोन भाऊ आणि पुढे बायको. ही बाधा बाळंतपणात आईकडून किंवा लहानपणी घरात भावाभावांत आलेली असणार. किमोच्या वेळी चढवलेल्या पिशवीतून आई आणि भावाला ती होत नाही. त्या काळच्या गावात एकच काचेची सिरिंज जेमतेम उकळून सगळ्यांना टोचली जायची, तोही एक रस्ता होता.

हे मुलाला समजावून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे हे पहिल्यापासून होतं. मग किमोच्या आधी बघता आलं असतं ना?"

हो. बघता आलं असतं आणि बघायला हवं होतं. मी त्याला हेच शब्द सांगितले. कॅन्सरतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने, ॲस्कोने, २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की कॅन्सरची शरीरभर जाणारी औषधं सुरू करताना प्रत्येकाच्या तीन तपासण्या करा: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल आणि अँटी-एचबीएस, म्हणजे संरक्षक अँटिबॉडी. रिपोर्ट यायचे म्हणून किमो अडवू नका, पण तपासण्या करा. तिथे जे लागू आहे ते इथे अधिक लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात हिपॅटायटिस बी सोबत जगणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी धरली आहे, आणि बाळांना ही लस देशभर द्यायला आपण २०११ पासून लागलो. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या, कॅन्सरच्या आणि सांध्यांच्या औषधांच्या वयाला आलेल्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही. रितुक्सिमॅबच्या एका सलाईनच्या खर्चापुढे या तपासणीचा खर्च काहीच नाही.

काकांची ही तपासणी झाली असती तर रितुक्सिमॅबच्या आधीपासून रोज एक गोळी दिली असती, एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर. ती किमोभर चालते आणि रितुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर निदान १२ महिने चालू ठेवतात. युरोपातल्या २०१७ च्या मार्गदर्शनात १८ महिने आहेत. त्यानंतरही वर्षभर दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. जुनी लॅमिवुडिन स्वस्त असली तरी विषाणू तिला सरावतो, म्हणून ती आता टाळतात.

वॉर्डातले दिवस

डीएनएचा रिपोर्ट यायची वाट न पाहता, एचबीएसएजी रिॲक्टिव्ह दिसल्याबरोबर त्याच संध्याकाळी टेनोफोव्हिर सुरू केलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किंचित वाढलेलं होतं म्हणून टीएएफ हा किडनीला कमी त्रास देणारा प्रकार, २५ मिलिग्रॅम, जेवणाबरोबर. घरच्यांना एवढ्याशा गोळीवर भरवसा बसत नव्हता. सलाईन का नाही, असं विचारत होते. गोळी विषाणूची वाढ थांबवते, पण लिव्हरवर आधीच झालेला हल्ला ती मागे घेऊ शकत नाही. मधले दोन-तीन आठवडे कसे जातात यावर सगळं असतं.

चौथ्या दिवशी आयएनआर २.३ झाला आणि बिलिरुबिन १९. अशा वेळी लिव्हर बदलण्याचा विषय निघतो, आणि काकांच्या बाबतीत तो निघताच मिटला: लिम्फोमा जाऊन जेमतेम काही महिने झालेल्या माणसाला प्रत्यारोपणाच्या यादीत घेत नाहीत. त्यांना त्यांच्याच लिव्हरवर बाहेर पडायचं होतं.

लिव्हर हरायला लागलं की अमोनिया वाढतो आणि मेंदूवर झापड येते. ती ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. रोज सकाळी काकांना दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगायचो, आणि एका वहीत सही करायला लावायचो. मार्केटात पगारपत्रकावर केलेली, अंगवळणी पडलेली सही. पाचव्या दिवशी तिची शेवटची दोन अक्षरं ओळीखाली घसरली. पंजे थरथरत नव्हते, बोलणं ठीक होतं, अमोनियाचा रिपोर्ट यायचा होता. तरी अमोनिया कमी करणारं लॅक्ट्युलोज सुरू केलं, झोपेच्या गोळ्या कटाक्षाने बंद ठेवल्या, पोटातल्या पाण्याचा नमुना जंतुसंसर्गासाठी पाठवला. दोन दिवसांनी अक्षरं ओळीवर आली. आठवड्याअखेर आयएनआर १.८ झाला आणि पुन्हा चढला नाही. एका महिन्यात डीएनए ८ कोटींवरून २ लाखांवर आला. कावीळ पूर्ण उतरायला तीन महिने लागले.

बरे होत असताना मी एक गोष्ट पाहिली आणि ती मला फार लागली. घरून आलेल्या डब्याबरोबर काकांचं ताट आणि तांब्या वेगळा यायचा, त्यावर लाल दोरा बांधलेला. नातवाला खोलीबाहेरच उभं करायचे. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, कावीळ लागते. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश. नातवाला जन्मल्यावर लस मिळालेली होती. मुलगा आणि सून दोघांच्याही सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, म्हणून त्यांना शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या तीन डोसांची लस सुरू केली. मावशींना लसीची गरज नव्हती. दोरा मी त्यांच्यासमोरच सोडायला लावला.

ज्यांना हे विचारायला हवं

हा प्रश्न फक्त कॅन्सरवाल्यांचा नाही. संधिवातासाठी रितुक्सिमॅब घेणारे, इन्फ्लिक्सिमॅब किंवा ॲडालिम्युमॅबसारखी इंजेक्शनं घेणारे, टोफासिटिनिबच्या गोळ्या घेणारे, किडनी बदललेले, आणि रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभराहून अधिक घेणारे, सगळे यात येतात. नुसत्या मेथोट्रेक्सेटचा धोका त्यामानाने बराच कमी. गुडघेदुखीच्या बिनानावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा त्या घेत असाल तर डॉक्टरांना लाजू नका, सांगा. हिपॅटायटिस सी च्या नव्या गोळ्यांनीही दबलेला बी उठू शकतो, त्याबद्दल एफडीएने २०१६ मध्ये असाच इशारा दिला.

ज्यांचा एचबीएसएजीच पॉझिटिव्ह आहे त्यांना यातल्या बहुतेक जोरकस उपचारांआधी गोळी लागतेच. फक्त टोटल पॉझिटिव्ह असेल तर औषध कोणतं आहे यावर ठरतं: रितुक्सिमॅबसारख्याला गोळी, सौम्य औषधांना दर एक ते तीन महिन्यांनी एएलटी आणि डीएनएवर नजर. तपासणी उपचारांआधीच व्हायला हवी, कारण नंतर अँटिबॉडीच बनेनाशा होतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. उलट इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तर दुसऱ्याच्या अँटिबॉडी येऊन तो खोटा पॉझिटिव्हही येतो. आणि सुरू झालेली गोळी 'किमो संपली' म्हणून स्वतःहून बंद करणं हे तर काकांच्या आजाराला हाताने बोलावणं आहे.

पैशांची चणचण असलेल्यांसाठी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे. त्याच्या उपचार केंद्रांवर बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात चौकशी केली तर जवळचं केंद्र कळतं. थोरल्या भावांची गोळी त्यांच्या जिल्ह्यातून याच कार्यक्रमात सुरू झाली. त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितलं आहे, कारण खडबडीत झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरची शक्यता राहते.

काकांचा डीएनए दहाव्या महिन्यात मोजता न येण्याइतका खाली गेला. लिम्फोमा परतलेला नाही. एचबीएसएजी मात्र अजून पॉझिटिव्ह आहे, म्हणून गोळी चालू आहे, आणि तो निगेटिव्ह होऊन टिकेपर्यंत ती थांबवायचा माझा विचार नाही. दर तीन महिन्यांनी मुलगा रिपोर्ट घेऊन येतो. आता तो पिशवीतून आधी एएलटीचा कागद काढून समोर ठेवतो.